देवीच्या काट्यावर

नापास झालेला असताना, पास झाल्याचा नवस फेडायला मी देवीपुढे तराजूत बसलो. माझ्या मूर्खपणांची जत्रा मोठी आहे, पण तीत पालखीचा मान याला.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि संग्रामपूरकडच्या आमच्या खेड्यातून बुलढाण्याला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावानं मला इतकं मिरवलं की नापास झाल्यावर खरं सांगायला तोंड उरलं नाही. घरी 'पास' कळवून टाकलं. पण निकालाच्या कितीतरी आधीपासून माझं बिनसलं होतं. पुस्तक उघडलं की ओळी नुसत्या दिसायच्या. जेवण नको, झोप नको, कुणाशी बोलणं नको. खोलीवरचे मित्र मला तत्त्वज्ञ म्हणत आणि मीही तसाच चेहरा करून बसे. आत एकच विचार ठाण मांडून होता, की आपण नसलेलं बरं. त्यात आईचा निरोप आला, 'देवीला तुझ्या वजनाएवढ्या गुळाची तुला बोलली आहे, ये.' मी ठरवलं, तेवढं होऊ द्यावं आणि मग सगळं संपवावं. बघा, मरायला निघालेल्या माणसाला आईचा नवस बुडायची काळजी.

देवळापुढच्या लिंबाला गावातले दुकानदार करीमचाचा यांचा कापूस तोलायचा मोठा काटा टांगला होता. गूळही त्यांच्याच दुकानातला. एका पारड्यात मी पाय खाली सोडून, दुसऱ्यात ढेपा. माझे पाय जमिनीवरून सुटले. पण काटा मध्येच अडला तो हलेना. गुरव सवयीनं म्हणाले, "मनात काही असन तं बोलून टाक बाप्पा, देवी अडवते." हे ते प्रत्येकालाच म्हणत असतील. मला वाटलं, मला एकट्यालाच म्हणाले.

"मी नापास झालो," मी म्हणालो. मग थांबताच येईना. "अन् मले जगावं वाटून नाही राह्यलं, माय."

वाजंत्री थांबली. आई पुढे आली आणि तिनं माझ्या पारड्याची साखळी दोन्ही हातांनी धरली.

"पास होण्याचा नवस बोललं कोन? दिवाळीत आला तं भिताडाकडे तोंड करून पडून राहे. तवाच बोलली मी, माहं पोरगं मले जितं दिसू दे. दिसला. फिटला नवस. आता कुठी जात नाही तू."

काट्याची दोरी फांदीत अडकली होती, असं मागून कुणी म्हणालं. असेल. ती कुणी अडकवली, यावर मी वाद घालत नाही.

पुढे कित्येक महिने आईनं माझ्या दारात आडवं अंथरूण टाकलं. गुरवांनी अंगारा दिला, तो लावला. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याही घेतल्या. देवीनं दोन्हींना हरकत घेतली नाही. तो विचार नंतरही अधूनमधून यायचा. आला की मी जवळच्या कुणाला तरी सांगून मोकळा व्हायचो. बी.ए. तिसऱ्या खेपेला झालो, तेही काठावर.

नातेवाईक अजून म्हणतात, असलं चारचौघांत सांगू नये, घराण्याची शोभा होते. मी मुद्दाम सांगतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. ज्या विचारानं मला गप्प बसवून संपवायला घेतलं होतं, त्याच्यासाठी मी आता गप्प बसणार नाही. पंगतीत एखादं कॉलेजातलं पोर घास हातात धरून ऐकत राहतं, त्याच्या शेजारी मी मुद्दाम जाऊन बसतो. देवीला शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, असं मला तेव्हा वाटे. त्या दिवशी कळलं, पाय सुटल्यावर आपलं वजन दुसऱ्यांना पेलू द्यायचं, तेच शरण जाणं. देवीनं पेललं, आईनं पेललं, करीमचाचांच्या काट्यानंही.

त्या दिवशी चाचा काट्यापाशीच उभे होते. मी पारड्यात रडतोय, आई साखळी सोडत नाही, दोरी मोकळी होऊन काटा बरोबरीवर आलेला. त्यांनी ढेपांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढुसाच गूळ लागला बे तुले? अख्ख्या गावाले परसाद काय वाटू? उतर, अन् पयले जेव."