लिफ्टवाल्यांची घंटा

लिफ्टवाल्यांनी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. यावरून त्यांची बायको पूर्वी टोमणे मारायची. गेली दोनेक वर्षं तिनं तेही सोडलं होतं. बाजाराची पिशवी घेऊन ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची, तिसऱ्यावर थांबायची आणि घरात शिरली की घोटभर पाणी न पिता ओट्याशी उभी राहायची. लिफ्टवाल्यांच्या हे लक्षात यायचं असं काही म्हणता येणार नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे कामातून गेलेले. त्यांना स्वतःचीच धाप आवरत नव्हती.

शेवटी मुलीनं दोघांना गावाबाहेरच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत नेऊन सोडलं.

"बाबा, आठ दिवस राहून बघा. पटलं तर सही करा, नाहीतर घरी चला. पण आठव्या दिवशी काय ते नक्की सांगा, खोली अडवून ठेवता येत नाही."

"तुझं काय म्हणणं?" लिफ्टवाल्यांनी बायकोला विचारलं.

"तुम्ही ठरवाल तसं," ती म्हणाली. पन्नास वर्षं हेच उत्तर मिळाल्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्यांनी कामावरची जुनी तपासणी वही सोबत आणली होती. पानाच्या डावीकडे 'ठीक', उजवीकडे 'दोष'. ठीकमध्ये पहिल्याच दिवशी लिहिलं, लिफ्ट आहे. लगेच दोषात लिहिलं, तळमजल्याला दोन बोटं खाली थांबते, म्हातारी माणसं ठेचकाळतील. जेवण आयतं हे ठीक, पण संध्याकाळी साडेसहाला जेवायचं म्हणजे भुकेला दरडावून बोलवायचं, हा दोष. डॉक्टर दारात येतो. शेजारी बोलायला आहेत, पण गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी गुडघ्यांवर येऊन टेकतात. खोलीला आतून कडी नाही, या ओळीखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. एक दोष मात्र वहीत उतरला नाही. दोन बोटांची गोष्ट त्यांनी व्यवस्थापकाच्या कानावर घातली, तेव्हा तो तिशीतला माणूस गोड हसून म्हणाला होता, "आजोबा, आता तुम्ही फक्त आराम करायचा." ते वाक्य त्यांना जेवणभर टोचत राहिलं.

न्हाणीघरात भिंतीला एक लाल दोरी होती. पडलात, घाबरलात तर ओढायची. खाली घंटा वाजते, माणूस वर येतो. आता लिफ्टच्या धंद्यात एक नेम असतो, घंटा रोज वाजवून बघायची. लिफ्टवाल्यांनी पहिल्या दुपारी दोरी ओढली आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. दोन मिनिटांत मदतनीस मावशी धापा टाकत आल्या.

"काय झालं आजोबा?"

"काही नाही. चाचणी."

दुसऱ्या दिवशी चार मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी सहा, आणि मावशी दारातूनच "चाचणीच ना?" असं विचारून वळल्या. चौथ्या दिवशी आठ. पाचव्या दिवशी कुणी आलंच नाही, नुसता फोन आला.

"बघितलंस?" लिफ्टवाले वही नाचवत म्हणाले. "दिवसागणिक ढिलाई! मी नव्हतो म्हणत?"

बायको खिडकीशी पाय पसरून बसली होती. इथे आल्यापासून ती रोज दुपारी झोपायची, जणू कितीतरी वर्षांची झोप साचून राहिली होती. शेजारणीनं तिला इथलं काय आवडलं असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, "आज जेवायला काय करू, हे मला कुणाला विचारावं लागत नाही." लिफ्टवाल्यांनी ते ऐकलं होतं आणि विनोद समजून हसले होते.

सहाव्या दिवशी दुपारी ते खाली लिफ्टशेजारच्या बाकावर बसून दाराची कुरकुर ऐकत होते. तेवढ्यात मदतनिसांच्या टेबलापलीकडे घंटा वाजायला लागली. कुणीतरी दोरी ओढली होती. लिफ्टवाल्यांनी सवयीनं वेळ टिपली. मावशी कपबशा पुसत होत्या. त्यांनी कुठल्या खोलीतून घंटा आली ते दाखवणाऱ्या दिव्यांच्या पाटीकडे एक नजर टाकली आणि पुन्हा पुसायला लागल्या. पाच मिनिटं झाली. सात झाली. लिफ्टवाल्यांना मनातून चक्क बरं वाटत होतं. आता सहीचा प्रश्नच मिटला. व्यवस्थापकाच्या नाकासमोर वही धरायची आणि घरी जायचं. अकराव्या मिनिटाला ते उठून टेबलाशी गेले.

"मावशी, घंटा ऐकू येते ना?"

मावशींनी वर पाहिलं आणि त्यांच्या हातातली बशी निसटली.

"अगोबाई! आजोबा, तुम्ही इथे? मग तुमच्या खोलीत कोण ओढतंय?"

मावशी जिन्यानं धावल्या. लिफ्टवाले लिफ्टमधून गेले, आणि आत शिरताना त्याच दोन बोटांनी अडखळले.

बायको न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. मनगट सुजलं होतं, बाकी धडधाकट. मावशींनी तिला पलंगावर बसवलं, मनगटाला पट्टी बांधली आणि रडवेल्या होऊन तीनतीनदा माफी मागितली.

"तुमचं नाही काही," लिफ्टवाले कसेबसे म्हणाले. "तुम्हाला न यायचं मीच शिकवलं."

मावशी गेल्यावर ते खुर्चीत बसले. बायकोकडे बघायचा धीर होईना.

"चल, घरी जाऊ. अकरा मिनिटं, अगं! मी खाली बसून मोजत होतो."

"अकराच?" ती म्हणाली. "घरी पाऊण तास लागला होता."

"कधी?"

"मागच्या थंडीत. तुम्ही बँकेत गेला होतात. खाली हाका पोचेनात. मग सरकत सरकत गेले, पलंगाला धरून उठले."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय? तुम्ही घरात घंटा बसवली असती आणि दिवसातून तीनदा मलाच धावायला लावलं असतं." ती जराशी हसली, मग हसू विरलं. "मी दमले हो. आता नाही चढवत मला."

पन्नास वर्षांत तिनं स्वतःहून काही मागितलेलं त्यांना आठवेना. मग त्यांनी वही उघडली, डावीकडे 'ठीक'खाली लिहिलं, घंटेला अकरा मिनिटांत माणूस येतो, आणि सही करायला खाली गेले.