बहिणीचा अर्धा हिस्सा

माझी नोकरी गेली तेव्हा मी पंचावन्नचा होतो. इथे आखातात नोकरीबरोबर व्हिसाही जातो. बायको आधीच गेलेली, मुलगा कॅनडात, नाशिकला परत जाऊन भिंतींशी बोलायचं का? एकच वाट होती. इथल्या अल बर्शा वस्तीच्या मागे आम्हा बहीणभावांनी अर्धे अर्धे पैसे घालून घेतलेला एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. तो पूर्ण माझ्या नावावर झाला, तर घरमालकाला मिळणाऱ्या व्हिसावर मला इथेच राहता येणार होतं.

धाकटी बहीण अल ऐनला शाळेत शिकवते. बाबा गेल्यावर नाशिकच्या घराच्या हक्कसोडपत्रावर तिने एका साडीवर हसत सही केली होती. मी शहाणा, या वेळीही पैठणी घेतली, कागद घेतले आणि दीड तास गाडी चालवत गेलो. तिने फ्लॅटसाठी घातले होते तेवढेच पैसे परत देणार होतो. बाजारभाव मला पक्का ठाऊक होता. बहिणीशी कसला बाजार, असं वाटेत स्वतःलाच ऐकवत होतो.

मी आकडा सांगितला. तिने साडीची पिशवी उघडलीही नाही.

"नाशिकच्या घराला मी काही विचारलं नाही, दादा. ते बाबांचं होतं. हे माझ्या पगाराचं आहे. आत्ता मार्केट रेट काय आहे?"

"चेक नाही केला गं," मी म्हणालो.

तिने मोबाइल पुढे केला. एजंटने मूल्यांकन दोघांनाही पाठवलं होतं, एकाच ईमेलमध्ये. मला लाज वाटली, पण आकडा वाढवून सांगायला जीभ वळली नाही.

"तुझी अडचण मला कळतेय. तू म्हणतोस त्याच रेटने सही करते," ती म्हणाली. "खलास."

नोंदणीच्या ऑफिसात ती एकटी आली, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. काउंटरवरच्या माणसाने आमची आडनावं बघून विचारलं, "आप लोग फैमिली हैं?"

"नहीं," ती म्हणाली. "पार्टनर थे."

मी त्याने दाखवलं तिथे सही केली.

व्हिसा मिळाला. ती आता माझा फोन उचलत नाही. या अख्ख्या देशात माझ्या रक्ताचं एवढं एकच माणूस होतं.