अंगणात उभ्या बसची वीज

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने बस विकत घेतली. हे मी कुणाला सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "बसचं तिकीट?" मग मी सांगते, तिकीट नाही, आख्खी बस. पांढरी, नाकाकडून थोडी चेपलेली, वीसेक माणसं मावतील अशी मिनीबस.

नोकरीची सगळी वर्षं आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये काढली. आमचे हे वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर ऑपरेटर होते. इतक्या वर्षांत आमचा प्रवास दोनच ठिकाणी झाला: धानाच्या रोवणीच्या वेळी आरमोरीला यांच्या गावी, आणि दिवाळीनंतर कोरपन्याला लेकीकडे. यांना कुठे जायला आवडत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच्या पलंगावर यांना झोपच लागत नाही, एवढंच. आरमोरीला घर बांधून राहायला आलो आणि एक दिवस जेवता जेवता हे म्हणाले, "आपला पलंग संग नेला तं?"

चंद्रपूरच्या एका गॅरेजवाल्याने तीन महिने खपून बसमधल्या सीटा काढल्या. मागे पलंग बसवला, मध्ये ओटा आणि त्यावर विजेची शेगडी, कोपऱ्यात बुटका फ्रीज, अंघोळीच्या खोपटात छोटा गिझर, छतावर एसी. ज्या दिवशी बस अंगणात येऊन उभी राहिली, त्या दिवशी मी पलंगावर बसून पाहिलं, उठून पाहिलं, ओट्याशी उभं राहून खोटी खोटी पोळी लाटून पाहिली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण भातुकली खेळणाऱ्या पोरीसारखी हरखले होते.

निघायच्या आधी बसमधली बॅटरी भरायची होती, फ्रीज गार करून घ्यायचा होता. यांनी कूलरची जुनी वायर शोधून काढली, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर टाकली, एक टोक मिक्सरच्या प्लगात खुपसलं आणि दुसरं बसला जोडलं. एसी सुरू झाला. मी नुकताच सडा टाकला होता, पाय ओले, चप्पल नाही. बसच्या दाराच्या दांडीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या.

"करंट येऊन राह्यला," मी म्हणाले.

"भास झाला तुले." यांनी येऊन दांडी धरली. पायात जाड रबरी चप्पल. "हे पाह्य. काईच नाई."

"चप्पल काढा अन् मंग धरा."

"मी अख्ख्या महाराष्ट्राले वीज देल्ली, मले काय सांगून राह्यली तू?" असं म्हणत यांनी चप्पल काढली, दांडीला बोट लावलं, आणि मी यांना एवढी उंच उडी मारताना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. मी आत धावले आणि आधी मेन स्विच पाडला. मग पायरीवर बसून हसायला लागले. थोड्या वेळाने हेही येऊन शेजारी बसले. म्हणाले, "तिकडं माझं काम कोळशाचंच होतं ना. वायरीचं खातं अलग होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आली. आमच्याकडे लायसनवाला वायरमन म्हणजे शेजारच्या गावची एक सून आहे. तिशीची, आयटीआय झालेली, मोटरसायकलवर येते, पाठीवर हत्यारांची पिशवी. तिने गेटातून आत येताच खिडकीतून लोंबणारी वायर पाहिली आणि हेल्मेट काढायचंही विसरली.

"काकाजी, हे कोणं केलं?"

हे तुळशीकडे बघत राहिले.

तिने मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली आणि स्वयंपाकघरातला प्लगचा बोर्ड उघडला. वरच्या मोठ्या भोकामागे अर्थिंगची वायरच नव्हती. घर बांधणाऱ्याने तीन भोकांचा बोर्ड लावला होता, पण तिसरं भोक नुसतं शोभेला. शिवाय कूलरची वायरही दोनच तारांची. तिने मला ओट्याशी उभं करून नीट समजावलं. बसमध्ये कुठे वीज गळली तर ती पत्र्यावर येते. बस रबरी चाकांवर उभी, म्हणून ती जमिनीत उतरू शकत नाही, वाट पाहत बसते. ओल्या पायाने कुणी हात लावला की त्या माणसातून उतरते.

"काल तुमी वाचल्या, काकू. एवढंच समजा," ती म्हणाली. मला आदल्या दिवशीचं हसू आठवून जरा लाज वाटली.

मग तिने बसमध्ये काय काय आहे ते विचारून कागदावर लिहिलं. या बससाठी घरातल्या कुठल्याही प्लगवरून वीज घ्यायची नाही, मेन बोर्डापासून वेगळी लाइन टाकायची, हे तिने ठरवून टाकलं. तांब्याची जाड तार, पाइपातून. तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारा स्विच, आणि त्याच्या जोडीला गळती झाली की क्षणात लाइन पाडणारा दुसरा स्विच. बाहेरच्या भिंतीवर छातीच्या उंचीला झाकणाचा सॉकेट, पाऊस आत न जाणारा. बसपर्यंत तीन तारांची रबरी केबल, मध्ये एकही जोड नाही. तिसरी तार बसच्या पत्र्याला पक्की बांधलेली. वीज कंपनीकडे मीटरवरचा भार वाढवून घ्यायचा अर्जही तिने यांच्याकडूनच लिहून घेतला.

"आन सगळ्यात आधी खड्डा," ती म्हणाली. "घराले अर्थिंगच नाई तुमच्या."

खड्ड्याची जागा तिने धुण्याच्या दगडाजवळ निवडली, कारण तिथे कायम ओल राहते. मे महिना, माती वरून विटेसारखी. यांनी सब्बल घेतली आणि दहा मिनिटांत धापा टाकत माझ्याकडे दिली. मी पाच मिनिटं टिकले. आवाज ऐकून शेजारचे भाऊ कुंपणाशी आले. ते बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, मासे धरतात. हातात अर्धं विणलेलं जाळं तसंच होतं.

"अंगणात बोडी खोदून राह्यले का, भाऊ?" त्यांनी यांना विचारलं. "सांगजा मले. मी मासोळीचं बीज सोडतो."

हसून हसून माझ्या हातातलं फावडं सुटलं. वायरमन बाईसुद्धा पाइप जमिनीवर ठेवून हसली. मग भाऊंनी जाळं कुंपणावर टाकलं, कंबरेला दुपट्टा बांधला आणि खड्ड्यात उतरले. माणूस तलावाच्या गाळात वाढलेला, त्यांच्यापुढे ती माती काय टिकणार. डोकं दिसेनासं झालं तरी आतून त्यांचं बोलणं चालूच होतं.

खाली ओल लागली. लोखंडी पाइप उभा केला आणि भोवती मीठ आणि कोळसा असे थर टाकायचे होते. कोळशाचं नाव निघताच यांचा चेहरा उजळला. हे सकाळपासून नुसते आज्ञा पाळत होते, आता यांचा विषय आला होता. "कोळसा मी आनतो. कोळशातलं मले सगळं समजते."

"दगडी नाई, काकाजी. लाकडी पायजे."

हे इतके मोठ्याने हसले की भाऊंच्या बायको घरातून बाहेर आल्या. त्यांच्याच चुलीशेजारून लाकडी कोळशाचं पोतं आलं. मिठाची पुडकी मी फोडत गेले. शेवटी खड्डा पुरला, पाइपाचं तोंड वर ठेवलं, त्यात मी बादलीभर पाणी ओतलं. उन्हाळ्यात अधूनमधून असंच पाणी ओतायचं, असं बाईने बजावलं. मग तिने आपलं मोजायचं यंत्र लावलं, लांबवर दोन खिळे ठोकले, आकडा बघितला, नाही म्हणून मान हलवली. पाणी मुरू दिलं, पुन्हा बघितला. "आता झकास आहे," ती म्हणाली. आम्ही पाचही जण उगाचच एकमेकांकडे बघून खूश झालो. जमिनीत एक पाइप पुरला होता फक्त, पण गावात नळ आल्यासारखा आनंद.

भिंतीवरचं काम दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं. सॉकेटला निळं झाकण होतं. त्याच्या वर तिने एक हूक ठोकला आणि म्हणाली, "बसची चाबी इथी टांगायची. म्हंजे केबल काढल्याशिवाय तुमी गाडी चालू करनार नाई." यांनी विचारलं, एवढं कोण विसरेल? तिने मोटरसायकलच्या आरशात केस नीट करत सांगितलं की भिंतीचा तुकडा ओढत नेणाऱ्या ट्रॅक्टरचे फोटो तिच्याकडे आहेत.

केबलचं वेटोळं पूर्ण उलगडायचं, नाहीतर तापतं, हेही तिने दाखवलं. शेगडी, गिझर आणि एसी तिन्ही एका वेळी लावायचे नाहीत. महिन्यातून एकदा गळतीच्या स्विचवरचं छोटं बटण दाबायचं. लाइन पडली तरच तो स्विच चांगला.

"दाबा, काकू."

मी दाबलं. टक. बसमधला पंखा मंदावला. स्विच परत उचलला, पंखा पळायला लागला. मी पुन्हा दाबलं. टक. मग यांना दाबायचं होतं, मग भाऊंना, मग त्यांच्या बायकोला. बाईने शेवटी हात मधे घातला आणि म्हणाली, महिन्यातून एकदा म्हटलं होतं. मग मी पाय ओले केले, अनवाणी गेले आणि दाराची दांडी धरली, पण तिने आधी यंत्र लावून बघितल्यावरच. दांडी नुसती गरम होती, उन्हाने.

खरं तर त्याच दिवशी सिरोंचाला फिरायला निघायचं होतं. पण आम्ही नऊ दिवस अंगणातच राहिलो. बाहेर उन्हाचा कहर आणि बसमध्ये एसी. सकाळचं काम आटोपलं की मी आणि भाऊंच्या बायको आत जाऊन पलंगावर तंगड्या पसरायचो. हळूहळू गल्लीतल्या आणखी दोघी यायला लागल्या. कुणी तांदूळ निवडायला आणायची, कुणी सुपारी. फ्रीजमधला बर्फ काढून आम्ही गालाला लावायचो. हे दारात येऊन विचारायचे, "मले जागा आहे का?" आणि आतून उत्तर यायचं, "बस फुल आहे, भाऊ."

दहाव्या दिवशी सकाळी सकाळी आम्ही खरंच निघालो. केबल काढून, गुंडाळून, झाकण लावून. आलापल्लीच्या पुढे जंगल लागलं, रस्ता रिकामा, सागाची पानं गळून मोठाली झाडं उघडी उभी. हे गाणं म्हणत गाडी चालवत होते. सूर कुठेच लागत नव्हता. मी मागे ओट्याशी काकड्या चिरायला घेतल्या होत्या. अचानक वानरांचा कळप आडवा आला. यांनी ब्रेक दाबला. काकड्या उडाल्या, गडगडत पुढे गेल्या, एक यांच्या पायापाशी जाऊन थांबली, आणि मी पलंगाला धरून खाली बसले.

"लागलं का तुले?" यांनी घाबरून मागे वळून विचारलं.

मी हसत सुटले होते. डोळ्यांतून पाणी, पोट धरलेलं. यांनी गाडी बाजूला घेतली, काकडी उचलली, शर्टाला पुसली, कडकन अर्धी मोडून मला दिली. आम्ही तिथेच पायरीवर बसून ती खाल्ली. समोर एक मोठं वानर आमच्याकडे आणि उरलेल्या काकड्यांकडे आळीपाळीने बघत होतं.