कोपऱ्यातली खोली

भागिरथी आणि मी पुढं बरीच वर्षं एकाच शाळेत मास्तरणी होतो. संक्रांतीला ती सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायची, पण स्वतः कधी तिळाचा लाडू तोंडात घातला नाही. का, ते तिनं मला फार उशिरा सांगितलं.

एकाहत्तर साली ती अकरावीसाठी, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकसाठी, बोर्डिंगात आली. माणसं पाथर्डीकडची, दसरा झाला की कोयता घेऊन बेलापूरकडं उसाला जाणारी. बाप रंभाजी निघताना म्हणाला होता, मॅट्रिक झालीस तर पुढं शीक, नापास झालीस तर कोयता धर. त्यात धमकी नव्हती. घरात दुसरं काही घडण्यासारखंच नव्हतं.

गृहपालबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, मोठ्या खोलीत सगळ्यांत राहतेस, की कोपऱ्यातली एकटीला घेतेस? भावंडांच्या लाथा खात एका गोधडीत वाढलेली पोर ती. तिला असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. एकटीचा दिवा, अभ्यासाला शांतता. तिनं लगेच कोपऱ्यातली मागितली. बाई नुसत्या हसल्या म्हणे. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. एवढी शिकलेली बाई, खरं सांगायला काय जीभ झडली असती?

खरं असं, की ती खोली बाजूला बसायची होती. ज्या मुलीला कावळा शिवे, ती वळकटी उचलून तीन दिवस तिथं जाई. हा नियम स्वयंपाकीण दगडाबाई चालवी आणि अख्खं बोर्डिंग तिच्यापुढं मान तुकवी.

आठवडाभरात दोघीजणी वळकट्या घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा भागिरथीला उलगडा झाला. त्या गेल्या की दुसऱ्या येत. कामातून सुटका झाल्यासारख्या खिदळत, गप्पा झोडत आणि चौथ्या दिवशी न्हाऊन परत जात. भागिरथी मात्र तिथंच. दगडाबाईच्या लेखी ती महिनाभर बाहेरची. ताट लांबून सरकवायचं, पाणी वरून ओतायचं. गर्दी तर चुकली नाहीच, वर हे. ती खोली बदलून मागायला गेली, तोवर मोठ्या खोलीतली जागा भरली होती. तूच निवडलीस ना, एवढं ऐकून परत आली आणि पुस्तकं घेऊन चिंचेखाली बसायला लागली.

संक्रांतीला आई भेटायला आली, लंकाबाई. त्यांची टोळी जवळच उतरली होती. पाचटानं हात चिरलेले, पदरात तिळाचे लाडू. भागिरथी धावत पुढं गेली. तेवढ्यात ओट्यावरून दगडाबाईनं हटकलं, पोर त्या खोलीतली हाय, शिवू नका. लंकाबाई थबकली. वाकून तिनं लाडू पायरीवर ठेवले आणि दोन पावलं मागं सरली.

आता उसाच्या फडावर पाचटाची एवढीशी कोपी, त्यातच चूल, त्यातच सगळी माणसं. तिथं कोण बाजूला बसणार? त्या दिवसांतही लंकाबाई भाकरी थापायची, मोळ्या वाहायची. भागिरथीनं ते लहानपणापासून पाहिलेलं.

"आई, कोपीत तू कवा बाजूला बसलीस?"

"तिथं कोन बघतंय? हितं लोक बघत्यात, बाई."

"मला काय बी झालेलं न्हाई."

"ठावं हाय मला," लंकाबाई म्हणाली, आणि तरी जागची हलली नाही.

लाडू तिथंच राहिले. मुंग्यांनी खाल्ले असतील.

भागिरथी पास झाली. निकाल कळला त्या दिवशी ती गावी होती. रंभाजी गूळ वाटायला बाहेर पडला. लंकाबाई भरल्या डोळ्यांनी लेकीची दृष्ट काढायला, कानशिलावर बोटं मोडायला पुढं आली. भागिरथी दोन पावलं मागं सरली.

"लोक बघत्यात," ती म्हणाली.

अंगणात त्या दोघींखेरीज कोणी नव्हतं.