फ्लास्कमधला गुलाल

आमची आई ग्रामपंचायतीला निवडून आली ती नेमकी माझ्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी. प्रचारात तिनं मतं मागितली कमी आणि माझं कौतुक केलं जास्त. "पोरगी बी.एस्सी. करत्या, केमिस्ट्री हाय तिला," हे दारोदार सांगून झालेलं. आता मी आपटले असते तर अख्ख्या गावाला कळलं असतं आणि पडलेल्या उमेदवारानं फटाके वाजवले असते. थिअरीत माझी बोंबच होती. अणूत बहुतेक जागा रिकामी असते, हे मला पहिल्याच तासाला पटलं, कारण आमचे सर माझ्या डोक्याबद्दल तेच म्हणायचे. तारलं तर प्रॅक्टिकलच तारणार होतं.

आणि निकालाच्या दिवशी गल्लीनं मला गुलालात बुडवून काढली! दुसऱ्या दिवशी सकाळी शिकेकाईनं, शाम्पूनं, शेवटी भांड्याच्या पावडरीनं डोकं धुतलं. कानामागचा गुलाल काही हलेना. ओल्या केसांनीच एसटी पकडली आणि कोल्हापुरात कॉलेजला पोचले.

टायट्रेशन आलं. फ्लास्कमध्ये दहा मिली आम्ल घ्यायचं. ते किती तीव्र आहे तेच शोधायचं असतं. त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे. वर बुरेटच्या उभ्या नळीत तीव्रता माहीत असलेलं अल्कली, ते थेंब थेंब सोडायचं. आम्ल संपलं की पुढच्याच थेंबाला पाणी फिकट गुलाबी होतं. तिथं थांबायचं आणि आकडा वाचायचा. मी नीट बघायला वाकले आणि केसातून टपकन् एक थेंब फ्लास्कात पडला. फ्लास्क गुलाबी! बुरेटची तोटी मी अजून उघडलीही नव्हती.

बाहेरचे परीक्षक तेव्हाच मागं येऊन उभे राहिले.

"रीडिंग किती?"

"शून्य, सर."

"शून्य? मग गुलाबी कशानं झालं? आधीच काय घातलंस यात?"

लबाडीचा शिक्का बसला की संपलंच सगळं.

"गुलाल हाय सर. आई निवडून आली."

"चेष्टा करतेस?"

आता मात्र माझं टाळकं फिरलं. "सर, फिनॉल्फ्थॅलिन आम्लात गुलाबी होतच न्हाय. त्याचा रंग असता तर आम्ल घातल्यावर गेला असता. बघा की!"

ड्रॉपरनं आम्ल टाकत गेले. गुलाबी जागचं हललं नाही.

परीक्षकांनी फ्लास्क उजेडात धरला, मग माझे कान बघितले. "दुसरं आम्ल घे," ते म्हणाले, "आणि आधी डोकं बांध."

ओढणी गच्च बांधून, उसाच्या फडात निघालेल्या बाईसारखी मी परत उभी राहिले. ते शेजारून हलेनात. थेंब पडायचा, गुलाबी चमकायचं, विरून जायचं. शेवटी एकदाचा रंग टिकला. साडेआठ मिली. परत केलं, तेवढंच. अल्कली ०.१ मोलर होतं. साडेआठ गुणिले ०.१, भागिले दहा. आम्ल ०.०८५ मोलर! त्यांनी आकडा पडताळला आणि सही ठोकली. मला तिथंच फुगडी घालावीशी वाटली.

"हा रंग तरी खरा का?" त्यांनी विचारलं.

मी आम्लाचा एक थेंब टाकला. फ्लास्क स्वच्छ झाला.

"हा कॉलेजचा," ते पहिल्यांदाच हसले. "तुझ्या आईचा एवढ्यात उतरायचा नाही."