घाटातली फळी आणि मोडलेला पाय

येडशीच्या घाटात फळीवर बसून उतरणाऱ्या पोराला आम्ही आमच्यात धरत नव्हतो. फळीवर उभंच राहायचं. यात शौर्य काही नव्हतं. सडकेवर सुटी खडी इतकी असे, की चाकाखालून उडालेला खडा बसलेल्याच्या तोंडावर येई. उभ्याला तो नडगीवर लागे, आणि नडग्या आमच्या तशाही काट्यांनी सोलवटलेल्या असत. फळी स्टेशनावरच्या फुटक्या खोक्यांची, खाली दोन आडवे दांडके, त्यांच्या टोकांना चाकं म्हणून ट्रकच्या टाकाऊ बेरिंगा आणि पुढच्या दांडक्याला दोर. दोर हातात धरायचा, गुडघे वाकवायचे आणि घाट नेईल तिकडं जायचं.

महाराष्ट्र नुकताच झाला होता. निजामाच्या वेळच्या खडीच्या सडकेवर डांबर पडलं होतं, पण ते डांबर वर्षभर आमचं नव्हतं. पावसाळ्यात बैलगाड्यांच्या चाकांनी रानातली काळी माती सडकेवर यायची आणि वाळली की विटेसारखी घट्ट बसायची. हिवाळ्यात खिंडीतून वारा आडवा यायचा आणि हलक्या पोराला फळीसकट दरीकडं ढकलायचा. उन्हाळ्यात डांबर पाघळायचं. बेरिंग त्यात रुतली की फळी जागेवर थांबे आणि माणूस पुढं जाई. म्हणून उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत उतरायचं, असं ठरलेलं होतं. बार्शीकडचा एक पाहुणा पोरगा आमचं न ऐकता दुपारी उतरला. तो पडल्यावर आम्ही पोट धरून हसलो आणि मग त्याच्या बेरिंगा काढून घेतल्या.

तो नियमच होता. पडलेल्याच्या फळीला ज्याचा हात पहिला लागेल, त्याच्या बेरिंगा. मात्र पडलेल्याला घरी पोचवायचं कामही त्याचंच.

माझ्या बेरिंगा साऱ्या घाटात उजव्या होत्या. येरमाळ्याच्या एका गॅरेजात दिवाळीची सगळी सुट्टी रॉकेलमध्ये सामान धुऊन मी त्या मिळवल्या होत्या. म्हातारा मिस्त्री तीनच देत होता. म्हणाला, "चौथी लेको क्या करताय रे? तेरे बाप कने गाडी हाय क्या?" मी त्याच्या दारात बसून राहिलो. गिऱ्हाईक माझ्या अंगावरून आत जायला लागलं, तेव्हा त्यानं चौथी माझ्याकडं फेकली. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा.

दुसरा सौदा मी शेजारच्या पोराशी केला. त्याचा बाप सडकेच्या गँगवर मुकादम होता. सडक कुठं फुटली, कुठं काय टाकलं, हे त्याला आधी कळायचं. मी रोज सकाळी विचारायचं, "सडक कशी हाय?" त्यानं खरं सांगायचं. बदल्यात माझ्या फळीवर त्याला रोज एक उतार. त्याच्या स्वतःच्या बेरिंगांच्या गोळ्या केव्हाच गळून गेल्या होत्या. वैशाखात तो दोन उतार मागायला लागला. मी नाही म्हणालो. सौदा एकाचा होता. त्यावरून संध्याकाळी आमची जुंपली आणि मी त्याच्या बापाच्या घमेल्याफावड्यावरही चार शब्द बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर आलाच नाही. खालच्या वळणावर करंजाखाली उभा दिसला. रुसला असेल, म्हणून मी त्याच्याकडं बघितलंही नाही आणि फळी सोडली.

वळणावरचं डांबर आदल्या दिवशी पाघळलं होतं आणि गँगनं त्यावर दगडाची बारीक कच पसरली होती. वरून पाहिलं तर ती कोरडी, साफ सडक वाटते. कच बेरिंगेत शिरली, चाकं जाम झाली आणि मी फळी सोडून पुढं गेलो. पाय मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखायला नंतर लागलं. वरची पोरं टाळ्या वाजवत खाली आली.

करंजाखालचा तो पळत आला नाही. चालत आला, फळीला हात लावला आणि दगडानं खिळे ठोकून बेरिंगा काढायला लागला.

मी विचारलं, "इथं कच टाकलीय, तुला ठाव होतं?"

"व्हय. काल बानंच टाकली."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस का?"

पायाचा नाही, त्या सवालाचा राग मला आजही आहे. मला घरी न्यायला मी त्याला सांगितलं. तो करंजाखाली सावलीत जाऊन बसला. "न्हेतो की. नियमच हाय. पर कवा न्हेयाचं, ते नियमात न्हाय."

पोरं हसली. ऊन चढत होतं, पाठीखालचं डांबर मऊ व्हायला लागलं होतं आणि सदरा त्याला चिकटला होता. पाण्यासाठी मी कुणाची विनवणी केली नाही. माझ्याकडं विकायला काय आहे, याचा विचार केला. एकच गोष्ट होती. माहीत असून तो गप्प बसला, हे त्याच्या बापाला कळलं असतं तर बापानं त्याला सोलून काढलं असतं. मी तसं म्हणालो, आणि चारही बेरिंगा परत मागितल्या.

"पाय मोडलेला माणूस चार बेरिंगा काय करतुया?" तो म्हणाला. पण उठून जवळ आला.

सौदा दोनावर पटला. दोन त्याच्या, दोन माझ्या. त्यानं मला आत्ता उचलायचं, आणि मी कुणा मोठ्या माणसापुढं यातलं काही बोलायचं नाही. पोरांसमोर आम्ही दोघांनी येरमाळ्याच्या येडाई देवीची आण घेतली. ती मोठी माणसं आता एकही उरलेली नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

त्यानं मला पोत्यासारखं पाठीवर घेतलं. माझा पाय त्याच्या गुडघ्यावर आपटत होता आणि प्रत्येक वेळी मी त्याला आईवरून शिव्या देत होतो. अर्ध्या वाटेत तो थांबला. म्हणाला, "शिव्या सौद्यात न्हाईत. खाली ठिवू का?" उरलेली वाट मी त्याच्या सदऱ्याची कॉलर दातात धरून काढली.

गावातल्या हाडवैद्यानं पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड वाकडं बसलं. मी आजही लंगडतो. त्या दिवशी आईनं त्याला पाटावर बसवलं, तूप घालून भाकरी कुस्करून वाढली. माझ्यासाठी ती तूप जपून ठेवायची. सगळा पावसाळा मी खाटेवर होतो आणि तो रोज यायचा, आईसमोर माझ्या उशाशी बसायचा आणि विचारायचा, "पाय कसा हाय रं?" शेजारणी आल्या की आई त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायची, एवढं ओझं उन्हातानातून पाठीवर आणलं पोरानं, सख्खा भाऊ असता तर आणलं नसतं.

एकदा त्याच्यासमोरच ती मला म्हणाली, "असा मैतर मिळाया नशीब लागतं."

तो भाकरी खात होता. खाता खाता त्यानं मान वर केली आणि माझ्याकडं बघत राहिला.

"व्हय," मी म्हणालो.

आईनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.