पोर्तुगीज ताप

गेल्या थंडीत माझा मुलगा लिस्बनहून बायकोला आणि सासूला घेऊन आमच्या गोंडपिपरीला आला. सून तिकडचीच. तिला इंग्रजी येतं, मलाही थोडंफार येतं, त्यामुळे आमचं दोघींचं भागत होतं. विहीणबाईंना मात्र पोर्तुगीजशिवाय दुसरी भाषा नव्हती. म्हणून त्या येणार हे ठरल्यापासून मी मोबाईलवर नवशिक्यांसाठीचे पोर्तुगीजचे धडे लावून बसायचे. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत पोरांना शिकवण्यात गेली, तेव्हा मला वाटलं, आपल्याला काय कठीण आहे.

पहिला धडा नमस्काराचा होता, दुसरा जेवणाचा. दोन्ही मी सोडून दिले. नमस्कार हातांनी होतो आणि जेवण ताटात वाढून दाखवता येतं. ताप मात्र तोंडानंच सांगावा लागतो. आणि आमच्याकडे पाऊस सुरू झाला की थंडी सरेपर्यंत कुठल्या ना कुठल्या घरात कोणीतरी तापानं फणफणत असतंच. म्हणून मी थेट तापाचा धडा धरला.

नवरा म्हणाला, "अवो, पैले नमस्कार तं शिक."

मी म्हटलं, "शिकवायचं तुमी मले नका सांगू."

भात रटरटायला लागला की माझा अभ्यास सुरू व्हायचा. "श्तो कोम फेब्र," म्हणजे मला ताप आहे. त्यावर डॉक्टर विचारतो, "देज्द क्वांदु?" केव्हापासून? आपण म्हणायचं, "देज्द ओंतेंय," कालपासून. एवढं पाठ झालं आणि पाहुणे दारात उभे राहिले.

सुरुवातीला मुलगा मध्ये बसून दोन्हीकडचं सांगायचा. मग एके दिवशी तो आणि सून पहाटेच ताडोब्याला सफारीला गेले. विहीणबाईंना वाघाची भीती वाटायची, म्हणून त्या घरी थांबल्या. नेमकी त्या दिवशी लाईट गेली आणि मोबाईलचा टॉवरही बंद पडला. आम्ही तिघं अंगणातल्या उन्हात चहाचे कप धरून बसलो. विहीणबाई हसल्या, मी हसले. नवरा हसला. परत विहीणबाई हसल्या.

"बोल ना काई," नवरा हळूच म्हणाला. "इतक्या दिवसाची शिकून राह्यली."

माझ्याजवळ एकच वाक्य होतं. ते मी म्हटलं. "श्तो कोम फेब्र."

विहीणबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावला. त्या भराभर काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही, पण शेवटी त्यांनी विचारलं, "देज्द क्वांदु?"

ते मला कळलं. परदेशी बाईनं विचारलेला प्रश्न मला अख्खा कळला, याचा इतका आनंद झाला की मी ताठ बसून उत्तर दिलं, "देज्द ओंतेंय." मग त्यांनी घशाला हात लावून विचारलं. धड्यात घसाही दुखत होता, म्हणून मी "सिं", म्हणजे हो, म्हटलं. संभाषण इतकं सुरळीत चाललं होतं की ते थांबवावंसं वाटेना.

मग त्यांनी किती ताप, ते विचारलं. धड्यातलं उत्तर एकोणचाळीस होतं. पण एकोणचाळीसला आमच्याकडे कोणी ताप म्हणत नाही. आकडे मी हौसेनं शिकले होते. चांगला सणसणीत ताप म्हणून मी सांगितलं, "सेंतु इ दोइश." एकशे दोन.

विहीणबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. त्यांच्या देशात ताप सेल्सिअसमध्ये मोजतात आणि शंभराला पाणी उकळतं, हे मला पलंगावर पडल्यावर आठवलं. तोवर त्यांनी मला दंडाला धरून आत नेलं होतं, अंगावर दोन चादरी घातल्या होत्या आणि कपाळावर गार पाण्याची पट्टी ठेवली होती.

नंतर अंगणातून कोंबडीचं ओरडणं आणि नवऱ्याची धावपळ ऐकू आली. विहीणबाईंनी हात पंखांसारखे हलवून त्याला काय पाहिजे ते सांगितलं असावं. थोड्या वेळानं तो दारात आला, धापा टाकत.

"कांजा कांजा म्हणून राह्यली थे. आपली पेजच दिसते. कोंबडी टाकून करते म्हणते."

"तिले सांगा ना, मले काई नाई झालं म्हणून."

"मी कसा सांगू? शिकली तू."

तो बाहेर गेला आणि गडबड ऐकून पाहायला आलेल्या शेजारच्या बायकांना म्हणाला, "तिले पोर्तुगीज ताप आला." त्यानं ते गमतीनं म्हटलं असेल, पण ऐकणाऱ्यांनी गमतीनं घेतलं नाही. पोर्तुगीज ताप लागट आहे का, गावात अजून कोणाला आहे, अशी चौकशी होत होत आमच्या वार्डातली आशाताई पिशवी घेऊन आली. लहानपणी ती माझ्याच हाताखाली शिकली होती. तिनं थर्मामीटर लावला.

"बाई, ताप नाई तुमाले."

"मले माहीत आहे."

"मंग काऊन झोपल्या?"

"पाहुणीनं झोपवलं."

"सांगा ना तिले, ताप नाई म्हणून."

"ताप नाई म्हणायचा धडा पुढचा आहे. थो मी केला नाई."

आशाताईनं थर्मामीटर विहीणबाईंना दाखवला. त्यावर अठ्ठ्याण्णव होतं. विहीणबाईंनी ते वाचलं, डोळे मिटले आणि आशाताईचे दोन्ही हात धरले. त्यांच्या हिशेबानं उतार पडत होता.

"आता रक्त घ्यावं लागते बाई," आशाताई म्हणाली. "इतके लोक ताप म्हणून राह्यले. मलेरिया नाई हे तरी दाखवू द्या." मी बोट पुढे केलं. विहीणबाईंनी माझं डोकं स्वतःच्या पोटाशी धरलं, मला सुई दिसू नये म्हणून. मलेरिया निघाला नाही.

मग सगळे गेले आणि त्या बशीत कांजा घेऊन पलंगाच्या काठावर बसल्या. आमच्याच शेतातला तांदूळ, आमचीच कोंबडी, वरून लिंबू. त्यांनी फुंकर घालून चमचा माझ्या तोंडाशी आणला. मी उठून बसू शकत होते. चमचाही धरू शकत होते. पण घरात कोणाचं काही दुखलं तर भरवायला मी असायचे, मला भरवायला कोणी बसल्याचं आठवेना. मी तोंड उघडलं. बशीभर खाल्लं आणि भर दुपारी गाढ झोपले.

संध्याकाळी मुलगा-सून परत आले. वाघ दिसला नव्हता. मुलानं सगळं ऐकलं आणि सासूला समजावून सांगितलं. विहीणबाईंनी माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं.

"आई, त्या म्हणतात, तुला खरं काय बोलायचं होतं?"

मी विचार केला. "चहात साखर बरोबर आहे का, हे विचारायचं होतं."

त्यानं ते सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, साखर फार होती, पहिल्या दिवसापासून.

पातेल्यात कांजा उरला होता. सुनेनं तो उभ्या उभ्या खाल्ला. नवऱ्यानं आपल्या वाटीतल्या कांजात तिखट कालवलं आणि ती विहीणबाईंसमोर धरली. त्यांनी एक घास घेतला, ठसका लागला, नाक पुसलं आणि आणखी घ्यायला आपली वाटी पुढे केली.